ट्रकच्या इंजिनाची गळती : तेलाची आणि धुराची

(व्याख्यानाचा मजकूर)



लालबाग म्हटले की मराठी माणसास प्रथम मुंबईचे लालबाग आठवते, बऱ्हाणपूरकरांस आपल्या रेल्वे स्टेशनाजवळचे आठवते, आणि इंदूरकरांस खान नदीच्या काठचा होळकरांचा राजवाडा आठवतो. या राजवाड्याचे काम १८८६ साली सुरू झाले आणि १९२१ साली पूर्णत्वास गेले. त्याचे अवजड लोखंडी दरवाजे लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दरवाजांच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये ओतवून घेतले आणि जहाजाने मुंबईस उतरवून तेथून इंदुरास आणले, अशी त्यांची ख्याती आहे. मुंबई आणि इंदूर यांना जोडणाऱ्या आग्रा रस्त्याचे महत्त्व तेव्हाही होते, आजही आहे. फरक एवढाच की, आज या रस्त्याने नाशिकचा कांदा वर जातो, माळव्याचे सोयाबीन खाली येते, आणि हा सारा माल वाहून नेण्याचे काम डिझेल ट्रक रात्रंदिवस करीत असतात. प्रस्तुत भाषणाचा विषय या ट्रकच्या इंजिनाची गळती हा आहे. विषय प्रथमदर्शनी गॅरेजातला आणि किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्याचा माल त्या ट्रकमध्ये भरलेला असतो, त्याच्या दृष्टीने तो किरकोळ नाही.

रावेरच्या बाजूने केळी भरून निघालेला एखादा ट्रक डोळ्यांपुढे आणावा. बऱ्हाणपूर, खंडवा, सनावद मागे टाकून, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून तो भेरूघाट चढू लागतो. इंजिन पूर्ण ओझ्याखाली असते, गिअर खालचा असतो, वारा पाठीमागचा असल्याने रेडिएटरला हवा कमी मिळते. इंजिनाच्या एखाद्या जोडातून आठ दिवस तेल झिरपते आहे, हे चालकास ठाऊक असते. पण ‘पुढच्या खेपेला बघू’ असे म्हणून तो निघालेला असतो. घाटात तेलाचा दाब उतरतो, दिवा लागतो, आणि तरीही वळण गाठण्यासाठी आणखी अर्धा मैल गाडी रेटली जाते. तेवढ्यात क्रँकच्या बेअरिंगा धरतात. इंजिन बसते. ट्रक घाटात आडवा पडतो आणि केळी उन्हात पिकू लागतात. शेतकऱ्याचा माल, मालकाचा कर्जाचा हप्ता आणि चालकाची मजुरी या तिन्हींचे नुकसान ज्या गोष्टीने झाले, ती गोष्ट कित्येकदा एका तांब्याच्या वायसरएवढी असते.

थेंबाथेंबाने तेल किती जाते, याचा हिशेब शाळेतील मुलांनाही करता येण्यासारखा आहे. सुमारे २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि चालत्या इंजिनातून सेकंदाला एक थेंब पडतो असे मानले, तर तासाला ३,६०० थेंब, म्हणजे १८० मिलिलिटर तेल जाते. दहा तासांच्या प्रवासात पावणेदोन लिटरांहून अधिक. सहा सिलिंडरच्या ट्रकच्या चेंबरमध्ये साधारणपणे १२ ते २० लिटर तेल मावते. तेव्हा दोन दिवसांच्या फेरीत ते धोक्याच्या खुणेपर्यंत उतरावयास वेळ लागत नाही. उभ्या गाडीखाली दिसणारा डाग पाहून मात्र हा अंदाज येत नाही. इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो. दाबाच्या नळीतली गळती उभ्या गाडीत एक थेंबही दाखवीत नाही आणि चालत्या गाडीत पिचकारीसारखी उडते.

गळती शोधण्याच्या कामी सर्वांत मोठी चूक होते ती घाईची. इंजिन खालून ओले दिसले की ‘चेंबरचे पॅकिंग गेले’ असे ठरविले जाते, चेंबर उतरविला जातो, नवे पॅकिंग घातले जाते, आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा तेथेच ओली होते. तेल हे पाण्याप्रमाणे खाली उतरते आणि पंख्याच्या व रस्त्याच्या वाऱ्याने मागे पसरते. यास्तव जेथे थेंब लोंबकळतो तेथे गळती असतेच असे नाही. ओल्या भागाचा सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू शोधला पाहिजे. टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातून निघालेले तेल ब्लॉकच्या बाजूने उतरून चेंबरच्या कडेला येते आणि दोष निष्कारण चेंबरच्या माथी बसतो.

म्हणून पहिली पायरी धुण्याची. गार इंजिनावर ब्रशाने रॉकेल किंवा बाजारात मिळणारे डिग्रीजर लावून चिकटा सुटू द्यावा, नंतर पाण्याने धुऊन इंजिन पूर्ण वाळवावे. अल्टरनेटर, सेल्फ, विजेचे जोड आणि हवेच्या फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकने झाकावयास विसरू नये. विशेषतः नव्या गाड्यांत संवेदक आणि त्यांच्या तारा पुष्कळ असल्याने जोराच्या पाण्याचा फवारा त्यांवर मारणे म्हणजे एक रोग बरा करताना दुसरा विकत घेणे होय. इंजिन वाळल्यावर संशयाच्या जागी खडूची बारीक पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी. इंजिन सुरू करून चांगले गरम होऊ द्यावे, शक्य तर पाच-दहा किलोमीटर चालवून आणावे, आणि मग बॅटरीच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या पुडीवर तेलाची काळी रेघ उमटलेली असते आणि ती रेघ वर जेथे सुरू होते तेच गळतीचे मूळ. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवण्याची जुनी युक्तीही उत्तम. मात्र पुठ्ठ्यावर पुढच्या चाकाची बाजू कोणती याची खूण करून ठेवावी, नाहीतर सकाळी डाग कोठला हे कळत नाही.

पडलेले द्रव्य कोणते हेही ओळखले पाहिजे. डिझेल इंजिनाचे तेल भरल्यानंतर थोड्याच दिवसांत काजळीने काळे होते. गिअरचे तेल दाट असते व त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. डिझेल पातळ असते आणि वासाने लगेच ओळखू येते. रेडिएटरचे पाणी, त्यात कूलंट असल्यास, रंगीत आणि बोटांना किंचित बुळबुळीत लागते. ते चाखून पाहण्याची काही मिस्त्रींना सवय असते. ती सोडून द्यावी, कारण कूलंट विषारी असते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घंटेच्या आकाराच्या घराच्या तळाला एक भोक असते. तेथून थेंब पडत असल्यास तेल काळे की दाट हे पाहिल्याशिवाय निदान करू नये. काळे असेल तर क्रँकचे मागचे सील, दाट असेल तर गिअरबॉक्सचे पुढचे सील. दोन्ही कामांना गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण सामान वेगळे आणावे लागते. तेथील गळतीकडे दुर्लक्ष झाल्यास तेल क्लच प्लेटवर जाते, आणि घाटात क्लच घसरू लागल्यावर चालकाची जी स्थिती होते ती अनुभवी माणसास सांगावयास नको.

आता एका अशा भागाकडे वळू, की ज्याच्याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. तो भाग म्हणजे इंजिनाचा ब्रीदर. पिस्टनच्या रिंगांतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतच असतो. त्याला बाहेर पडावयास जी वाट ठेवलेली असते ती ब्रीदरची. ही नळी किंवा तिच्यातील जाळी चिकट्याने बुजली, की आत दाब साठतो आणि तो तेलाला मिळेल त्या जोडातून बाहेर ढकलतो. मग एकाच वेळी टॅपेट कव्हर, पुढचे सील, मागचे सील अशी चारी बाजूंनी गळती सुरू होते. मिस्त्री एकेक सील बदलीत बसतो. नवे सीलही गळते. आणि दोष कंपनीच्या सीलला दिला जातो. वास्तविक पाच मिनिटांत ब्रीदरची नळी काढून धुतली असती तर निम्म्याहून अधिक काम झाले असते. गळतीचे प्रत्येक निदान ब्रीदरपासून सुरू करावे, असे म्हणावयास हरकत नाही.

ब्रीदर मोकळा असूनही आत दाब असेल तर रिंगा व लायनर झिजले आहेत काय ते पाहावे. इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण सैल करावे. थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे. परंतु भकाभक धूर येत असेल, झाकण उडू पाहत असेल, तर ते इंजिन उघडण्याच्या अवस्थेस आले आहे. अशा इंजिनाला कोणतेही पॅकिंग पुरे पडणार नाही, आणि हे मालकास स्पष्ट सांगणारा मिस्त्री खरा हितचिंतक समजावा. याउलट चेंबरमध्ये तेल खुणेपेक्षा जास्त भरल्यानेही क्रँक तेलात आपटून फेस होतो व गळती लागते. ‘थोडे जास्त असले तर बरेच’ हा समज चुकीचा आहे. तेल मोजताना गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे झालेली हवीत, तरच काठीवरची खूण खरे बोलते.

दुरुस्तीच्या कामात हाताच्या जोरापेक्षा सफाईला महत्त्व आहे. चेंबरची कड पत्र्याची असल्यास, वर्षानुवर्षे बोल्ट आवळल्याने प्रत्येक भोकाभोवती ती खोलगट झालेली असते. पॅकिंग दोन बोल्टांच्या मध्ये दबतच नाही आणि तेथूनच तेल येते. अशा वेळी सपाट लोखंडावर कड ठेवून हलक्या हातोडीने भोके सपाट करून घ्यावीत. जुने पॅकिंग खरवडताना ॲल्युमिनियमच्या पृष्ठावर चरा पडू देऊ नये. बोल्ट एका बाजूने ओळीने न आवळता समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीने दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने आवळावेत. आटे गेलेला बोल्ट जास्त आवळून बसत नाही. आटे नवे करून घ्यावे लागतात. ट्यूबमधल्या सिलिकॉनच्या मलमाविषयी एक इशारा आवश्यक आहे. अलीकडे पॅकिंगच्या ऐवजी ते बोटभर जाडीने थापण्याची प्रथा पडली आहे. बाहेर ओघळलेले मलम दिसते, तसेच आतही ओघळलेले असते. त्याचे तुकडे सुटून तेलाच्या पंपाच्या जाळीवर बसतात आणि गळती थांबविण्याच्या भरात इंजिनाचा तेलपुरवठाच तुटतो. जेथे कंपनीने मलम सांगितले असेल तेथे, बारीक रेघेएवढेच लावावे.

ऑइल सीलची ओठाची बाजू तेलाकडे हवी, आणि बसविण्यापूर्वी ओठाला तेलाचे बोट लावलेले हवे; कोरडे सील पहिल्या मिनिटातच करपते. जुने सील काढल्यावर शाफ्टवर नखाला लागेल एवढी खाच पडलेली आढळली, तर त्याच जागी नवे सील टिकणार नाही. ते किंचित आत-बाहेर सरकवून बसविता येते काय ते पाहावे, अन्यथा शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवावी लागते. टर्बोच्या व फिल्टरच्या नळ्यांना जी तांब्याची वायसरे असतात ती शक्यतो नवीनच घालावीत. आडवाटेला नवी न मिळाल्यास जुने वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले असता तांबे पुन्हा मऊ होते आणि काम भागते. लोखंडाला पाणी दिले की ते कठीण होते, तांब्याचे तसे नाही, ही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात दाखविण्यासारखी आहे.

तेलाची गळती डोळ्यांना दिसते. धुराची गळती कानांनी आणि नाकाने ओळखावी लागते, आणि म्हणूनच ती अधिक दिवस अंगावर काढली जाते. सकाळी इंजिन गार असताना सुरू केले की ‘टक टक’ किंवा ‘फस फस’ असा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो कमी होतो. पुष्कळजण त्याला टॅपेटचा आवाज समजून टॅपेट जुळवून घेतात. प्रत्यक्षात हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामधले पॅकिंग फुटलेले असते. लोखंड तापून फुगले की फट थोडी मिटते, एवढाच त्याचा अर्थ. अशा जोडापाशी काळ्या काजळीची पिसाऱ्यासारखी खूण आढळते. खूण दिसत नसेल तर गार इंजिन नुकतेच सुरू करून, पंख्याचा वारा टाळून, जोडाजवळ पेटती उदबत्ती धरावी. धुराची सरळ रेघ जेथे एकाएकी हलते तेथे फट आहे. मात्र आसपास डिझेल किंवा तेल सांडलेले असेल तर हा प्रयोग करू नये. सायलेन्सरच्या नळीचे जोड पाहण्यास साबणाचे पाणी उपयोगी पडते. गार इंजिन बंद ठेवून नळीच्या तोंडातून हलक्या दाबाची हवा सोडली आणि जोडांवर साबणाचा फेस लावला, म्हणजे सायकलच्या ट्यूबप्रमाणे बुडबुडे येतात.

हाताने चाचपून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. भरलेला ट्रक चढावर असताना मॅनिफोल्डमधील वायूचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. इंजिन-तेलाची वाफ सुमारे २०० अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते. तेव्हा तेलाची गळती वर आणि तापलेला मॅनिफोल्ड खाली अशी जोडी एका इंजिनात जमली, की आग लागावयास काय उरते? घाटात पेटलेल्या ट्रकांच्या बातम्या वाचताना केवळ नशिबाला बोल लावणे योग्य नव्हे.

टर्बो असलेल्या इंजिनात धुराची गळती ताकदीवरही परिणाम करते. टर्बोचे चाक या वायूच्याच जोरावर फिरते. वायू टर्बोच्या आधीच निसटला तर हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते, काळा धूर निघतो आणि गाडी ‘ओढत नाही’. चालकाला वाटते पंप बिघडला, आणि पंपवाल्याकडे विनाकारण पैसे मोजले जातात. मॅनिफोल्ड उतरविल्यावर त्याची बसकण सरळ पट्टी लावून पाहावी. वाकलेली असल्यास खरादवाल्याकडून सपाट करून घ्यावी, कारण वाकड्या मॅनिफोल्डवर नवे पॅकिंग महिनाभरही टिकत नाही. तुटलेले स्टड काढण्यास आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल मुरवून ठेवावे. बसविताना नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळत जावेत, आणि गाडी एकदा पूर्ण तापून गार झाली की ते पुन्हा मापाला तपासावेत. ही दुसरी तपासणीच बहुधा चुकते.

धूर केबिनमध्ये येणे ही गोष्ट गमतीने घेऊ नये. डोळे चुरचुरणे, डोके धरणे, सुस्ती येणे ही लक्षणे रात्रीच्या जागरणाची समजली जातात. कित्येकदा ती फरशीच्या फटीतून येणाऱ्या वायूची असतात. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असला तरी तो असतो, शिवाय नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बारीक काजळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. थंडीत इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून केबिनमध्ये झोपणाऱ्या चालकास आणि त्याच्या क्लीनरला हे कोणीतरी सांगितले पाहिजे. गॅरेजातही शटर ओढून इंजिन चालू ठेवणे धोक्याचे आहे.

अधिकारी वर्गाच्या दृष्टीने एक मुद्दा असा की, धुराची पीयूसी तपासणी नळीच्या शेवटच्या तोंडाशी होते. वाटेत निसटलेला धूर यंत्रापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र व्यवस्थित असले तरी मॅनिफोल्ड गळका असू शकतो, आणि योग्यता तपासणीच्या वेळी इंजिनाच्या बाजूस एकवार वाकून पाहण्याला पर्याय नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर, युरियाच्या द्रावणाची टाकी आणि वायू मोजणारे संवेदक आले आहेत. या गाड्यांत धुराची गळती झाली की संवेदक चुकीचे आकडे देतात आणि इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते. जोडावर पांढरे मिठासारखे खडे जमलेले दिसले तर ते युरियाच्या गळतीचे चिन्ह समजावे. फिल्टर काढून टाकून ‘मोकळी’ नळी जोडून देणारे कारागीर रस्तोरस्ती भेटतात. ते बेकायदा तर आहेच, पण त्याने गळती सुधारत नाही. केवळ दिव्याची तक्रार बंद होते.

इंदुराजवळच्या पिथमपुरात आज ट्रक आणि त्यांची इंजिने तयार होतात, आणि वाहनांची चाचणी घेण्यासाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग तेथे २०२१ साली सुरू झाला. परंतु कारखान्यातून निघालेल्या गाडीचे उरलेले आयुष्य महामार्गाच्या कडेच्या पत्र्याच्या गॅरेजातच जाते. तेथे पाना धरणारा मुलगा बहुधा एखाद्या खेड्यातून आलेला असतो. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, याची माहिती गावच्या शिक्षकांनी पालकांपर्यंत पोहोचविल्यास त्या मुलाच्या हाती टॉर्क पानाही येईल आणि माप वाचण्याची विद्याही.

काढलेल्या जळक्या ऑइलचे काय करावयाचे, हा प्रश्न राहतो. गॅरेजच्या मागच्या नालीत ते ओतले की प्रश्न मिटला असे वाटते. पण इंदुरात ती नाली खान नदीत जाते, खान नदी उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, आणि त्याच पाण्यात पर्वकाळी लोक स्नान करतात. जळके ऑइल हा कायद्याने घातक कचरा ठरविलेला आहे. ते झाकणाच्या पिंपात साठवून मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्यासच द्यावे. गोठ्याच्या वाशांना ते फासण्याची जुनी पद्धतही आता सोडणे बरे. त्यात इंजिनाच्या झिजेचे धातू उतरलेले असतात आणि जनावरे वासे चाटतात. जमिनीवर सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करावा, पाण्याने ढकलू नये. रस्त्यावर सांडलेले तेल पहिल्या पावसात दुचाकीस्वारांना किती महाग पडते हे सर्वांस ठाऊक आहेच.

गाडीत एक साधी वही असावी. तारीख, किलोमीटरचा आकडा, तेलाची पातळी, किती तेल घातले, आणि कोणता जोड ओला दिसला, एवढ्या पाच गोष्टी चालकाने रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, तीत लिहाव्यात. आठ दिवसांची पाने एकाखाली एक पाहिली, की तेल जळते आहे की गळते आहे हे कळते: काठीवर तेल उतरते आहे, परंतु एकही जोड ओला नाही आणि नळीतून निळा धूर येतो, तर ते आत जळते आहे, जोड ओला आहे आणि धूर स्वच्छ आहे, तर ते गळते आहे. मिस्त्रीकडे गेल्यावर ती वही आधी त्याच्या हाती द्यावी, मग पाना.